पाना हातात घेण्याआधी डायल लावा

जुना लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, घरी आणलेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. निम्म्या पत्रांची सुरुवात सारखीच: "सगळा सुटा करून ठेवलाय, आता पुढे काय?" त्यामुळे ज्यांनी अजून पाना लावलेला नाही, त्यांचं पत्र आधी घेतो.

प्रश्न : बंद पडलेल्या वर्कशॉपमधून हरिहरचा साडेचार फुटी किर्लोस्कर लेथ घेतला. बेडवर (खालच्या लांब बैठकीवर) गंज आहे, रंगाचे पोपडे सुटलेत. पूर्ण उघडून, रंगवूनच वापरायला घ्यावा असं वाटतं. सुरुवात कुठून करू? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

रंगाचा डबा आणला असेल तर तो माळ्यावर ठेवा. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ चा. त्या मशीनचं ओतीव चांगलं असतं, गंज दिसतो त्याहून बहुतेक वेळा वरवरचाच निघतो. आधी रॉकेलनं पुसून घ्या, तेलाचं प्रत्येक भोक मोकळं करून त्यात तेल सोडा आणि स्पिंडल, म्हणजे मुख्य फिरता दांडा, हातानं फिरवून बघा. मग डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक, चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) स्पिंडलला टेकवा, चकमध्ये लाकडी दांडा धरून वर उचला आणि काटा किती हलतो ते वहीत लिहा. पुढे कॅरेजची (बेडवर सरकणाऱ्या, टूल धरणाऱ्या भागाची) गिब पट्टी, म्हणजे सरकतानाची फट जुळवणारी पट्टी, चकजवळ बेताची आवळा आणि कॅरेज टेलस्टॉककडे, म्हणजे चकसमोरच्या टोकाच्या आधाराकडे, न्या. तिकडे अडकली तर चकजवळचा बेड झिजलेला आहे, कारण सगळं आयुष्य काम तिथंच झालेलं असतं. झीज आहे म्हणून लेथ भंगारात जात नाही. पण हे आकडे उघडण्याआधी हातात नसतील, तर जोडल्यावर दोष झिजेचा की तुमच्या जोडणीचा, हे कधीच कळणार नाही.

मग एका वेळी एकच भाग उघडा: क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारा भाग) काढली, साफ केली, बसवली, मगच पुढचा. बेडवरचा गंज रॉकेल टाकून दाढीच्या पात्यानं, पातं आडवं धरून खरवडा. एमरी पेपर बेडला लावू नका; त्याची कच कॅरेजच्या पोटात शिरते आणि पुढची दहा वर्षं पॉलिश पेपरचं काम करत राहते. हँडल, नट असल्या सुट्या गोष्टींचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढता येतो. वस्तू निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाची पट्टी. स्टेनलेसची पट्टी वापरायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

प्रश्न : १५० मिमी लांबीत ०.०८ मिमी टेपर (जाडीत फरक) येतो, मोकळं टोक जाड. ओळखीचे टर्नर म्हणतात टेलस्टॉक थोडा सरकव. (इचलकरंजी)

काम करताना टेलस्टॉकचं सेंटर (टोकदार आधार) लावलं होतं का? तुमच्या पत्रावरून नाही. मग ज्यानं कामाला हातच लावला नाही, त्या टेलस्टॉकला दोष कसा द्यायचा? हा दोष बहुधा बेडच्या पिळाचा आहे. लेथ कितीही जड दिसला तरी त्याचा बेड चार पायांवर ओल्या फळीसारखा पिळतो.

साधारण ४० मिमीचा बार चकमध्ये धरा, दीडशे मिमी बाहेर ठेवा. मधला भाग खोल काढून दोन्ही टोकांना दोन कडी सोडा. धारदार टूलनं, कटची खोली न बदलता, दोन्ही कडी एकाच बारीक कटमध्ये घ्या आणि मायक्रोमीटर लावा. मोकळ्या टोकाचं कडं जाड आलं, म्हणजे टेलस्टॉककडे जाताना टूल तुमच्याकडे सरकतंय. टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा, म्हणजे तुमच्या पोटाकडचा, पाय पातळ पत्रा घालून उचला, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या. कडं बारीक आलं असतं तर मागचा पाय उचलायचा. पाणसळ सुरुवातीला जरूर लावा, पण शेवटचा शब्द त्या दोन कड्यांचा. बेड सरळ झाल्यावरच टेलस्टॉक जुळवायचा. उलट क्रमानं केलंत तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि जॉब आखूड आला की दोन्ही उघड्या पडतात.

प्रश्न : ट्रू चक (तिन्ही जबडे एकत्र सरकणारा) आट्यांवर घट्ट बसलाय. बॅक गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर) टाकून, बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) पिन न काढता स्पिंडल लॉक केला आणि पान्याला पाइप लावून ओढलं. कट्‌कन आवाज आला म्हणून थांबलो. (पिंपरी)

थांबलात हे फार बरं केलंत. गिअरचे दात टॉर्च लावून एकेक बघा.

हीच चूक मी उमेदवारीत केली होती. बुल गिअरचा एक दात माझ्या हातात आला. उस्तादांनी शिव्या एकदाच दिल्या. मग गेलेल्या दाताच्या जागी ओळीनं तीन भोकं पाडून, आटे मारून स्क्रू बसवायला लावले, त्यावर पितळ चढवलं आणि शेजारच्या दातांचा पत्र्याचा गेज कापून कानस माझ्या हातात दिली. तीन दिवस लागले. तो दात पुढे चालला, पण फिरताना थोडा टिकटिकायचा आणि प्रत्येक वेळी उस्ताद माझ्याकडे बघायचे.

आता रीत. आट्यांत पातळ तेल सोडून दोन दिवस थांबा. चकखाली बेडवर फळी ठेवा, चक सुटून बेडवर पडला तर खड्डा कायमचा. बॅक गिअर सोडवा. मागच्या बाजूला बेडवर सागाचा ठोकळा असा ठेवा की चकचा एक जॉ (जबडा) वरून त्यावर येईल. पट्टा धरून स्पिंडल उलट्या दिशेनं हातानं झटक्यात फिरवा, जॉ ठोकळ्यावर आदळू द्या. इथं मोटर वापरायची नाही. दहा-बारा झटक्यांत बहुतेक चक सुटतात. पुन्हा बसवताना आटे आणि खांदा पुसा, तेलाचा थेंब द्या, हातानं आवळा.

प्रश्न : घरी सिंगल फेज, लेथला २ एचपीची थ्री फेज मोटर. बदलू का? (सातारा)

मोटर ठेवा, व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा आणि वेग बदलणारा ड्राइव्ह, लावा. मात्र २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह २३० व्होल्टच थ्री फेज देतो. आपल्याकडे एवढ्या लहान मोटरी ४१५ व्होल्टला बहुधा स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) करा. तीनच असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत आहे. रिवाइंडिंगवाला ती टोकं बाहेर काढून देतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात जुना स्विच ठेवायचा नाही, अर्थिंग विसरायचं नाही. स्पीड फार खाली आणू नका, मोटरचा पंखाही मंदावतो. जोर हवा असेल तेव्हा बॅक गिअर आहेच.

प्रश्न : तेलाच्या निपलमधून ग्रीस मारलं तर चालेल ना? (नगर)

नाही. मारलं असेल तर उघडून, रॉकेलनं धुऊन काढा.

प्रश्न : इथं मायफर्ड एमएल-७ हा छोटा लेथ मिळाला. लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा) इंचात, आटे मला मिलिमीटरचे हवेत. हेडस्टॉक (स्पिंडल बसलेला भाग) गरम होतो, तेल गिअर ऑइल घातलंय. (लेस्टर, इंग्लंड)

गरम होण्याचं कारण तुम्हीच लिहिलंत. एमएल-७ चं स्पिंडल व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगमध्ये फिरतं, त्याला ३२ ग्रेडचं पातळ तेल लागतं. वरच्या ठिबक तेलदाण्या मशीन सुरू करताना उघडायच्या आणि थांबवल्यावर मिटायच्या, नाहीतर सकाळी ट्रे भरलेला आणि बेअरिंग कोरडं. तेल बदलूनही तापला तर बेअरिंगच्या टोप्या फार आवळल्यात का ते बघा. खालच्या शिमचे (पातळ पत्र्यांच्या थराचे) पदर सोलून फट जुळवतात, बोल्ट ढिला ठेवून नव्हे.

आट्यांसाठी १२७ दातांचं गिअर शोधा, कारण २५.४ ची पाचपट १२७. तुमचा लीड स्क्रू इंचाला ८ आट्यांचा, १.५ मिमी पिचला (दोन आट्यांतल्या अंतराला) गुणोत्तर ६०/१२७. ते मिळेना तर १२७/१०० ऐवजी ४७ आणि ३७ ची जोडी लावा. मीटरभर लांबीत चूक साधारण ०.२ मिमी, बोल्टला ती कळतही नाही. एक मात्र पाळा: इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा) शेवटपर्यंत सोडायचा नाही. टूल मागे घ्या आणि स्पिंडल उलटं फिरवून परत या, तेही हळू. तुमचा चक आट्यांवरच बसलेला आहे आणि उलट फिरताना तो सुटू शकतो.