जग बँडमधला जग खरंच फुंकून वाजवतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: "१९२०-३० च्या आफ्रिकन-अमेरिकन कलाकारांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकताना मागे बेडकासारखा 'भुंव भुंव' आवाज येतो. बँडच्या नावात 'जग' असतं. हा जग म्हणजे पाण्याचाच का? आणि ही माणसं गंमत म्हणून वाजवत होती की मन लावून? ऐकायला सुरुवात कुठून करू?"

हो, खरंच फुंकून वाजवतात. फक्त जेवणाच्या टेबलावरचा जग डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत व्हिस्की, काकवी, व्हिनेगर असलं काही भरून ठेवायला भाजलेल्या मातीचे जाड बुधले असत, पोट मोठं आणि तोंड चिंचोळं. त्यांना तिकडे 'जग' म्हणतात. आपल्या लोणच्याच्या बरणीवर हे जमत नाही, तिचं तोंड फार रुंद.

पुष्कळांची समजूत असते की बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की 'हूऽ' असा आवाज येतो, तोच हा प्रकार. पण याचं नातं शंखाशी जास्त जवळचं आहे. शंख वाजवणारा ओठ घट्ट मिटून त्यांच्या फटीतून हवा सोडतो आणि ओठ थरथरतात. इथेही तेच, फक्त ओठ बुधल्याला टेकवत नाहीत, तोंडापासून जरा अंतरावर धरतात. सूर निघतो ओठांतून, बुधला त्याला घुमारा देतो. ओठ ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. मुरलेला वादक असा दोन सप्तकांत फिरू शकतो. मी घरी तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनवर प्रयोग केला. पहिले तीन दिवस नुसती थुंकी उडाली. चौथ्या दिवशी एक सूर सापडला आणि दोन मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून अख्खी तीन मिनिटांची रेकॉर्ड जगवर रेटून नेणाऱ्यांबद्दल मला भलताच आदर वाटतो.

आता हा खटाटोप कशासाठी? नाचायच्या संगीताला खालचा, खर्जातला सूर लागतोच. डबल बास किंवा ट्युबा विकत घेणं आणि ते धूड गावोगाव वाहून नेणं या लोकांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग जग आला. त्याच्या जोडीला कधी कपडे धुवायचा पत्र्याचा टब यायचा, पालथा घातलेला. त्याच्या बुडाला दोरी बांधायची, तिचं दुसरं टोक काठीला. काठी मागे ओढली की दोरी ताणली जाऊन सूर चढतो. जोगत्यांचं चौंडकं पाहिलं असेल तर लगेच कळेल, तत्त्व तेच. कपडे घासायची खाचांची पत्र्याची फळी बोटांत अंगुस्तान घालून खरवडली की झाला ताल. कंगव्यावर कागद धरून गुणगुणल्यासारखा जो चिरका आवाज येतो तो काझूचा. आणि या सगळ्यांच्या वर फिडल, बँजो, गिटार, माउथ ऑर्गन.

याची सुरुवात केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिथे अर्ल मॅक्डॉनल्ड जग वाजवत होता. लुईव्हिलची घोड्यांची शर्यत, केंटकी डर्बी, फार मोठी. ती बघायला आलेल्या पैसेवाल्यांसमोर हे बँड रस्त्यावर आणि मेजवान्यांत वाजवायचे. १९२४ साली सारा मार्टिन या गायिकेच्या साथीला लुईव्हिलची मंडळी न्यू यॉर्कला गेली आणि तिथे ओकेह या रेकॉर्ड कंपनीसाठी जग बँडचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. १९२६ मध्ये याच गोतावळ्यातल्या 'डिक्सीलँड जग ब्लोअर्स'सोबत जॉनी डॉड्स क्लॅरिनेट वाजवून गेला. हा डॉड्स जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग याच्या बँडमधला! पुढे एका पीठ कंपनीने मॅक्डॉनल्डच्या बँडला आपल्या जाहिरातीसाठी थेट रेडिओवर बसवलं.

या लुईव्हिलच्या रेकॉर्ड टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये विल शेडने ऐकल्या आणि १९२७ च्या फेब्रुवारीत त्याचा 'मेम्फिस जग बँड' व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्ड झाला. शेड माउथ ऑर्गन वाजवी, गिटार वाजवी, टबही वाजवी, पण त्याचं खरं कसब माणसं जमवण्याचं. बँडमधली माणसं सतत बदलत. १९३० साली खुद्द मेम्फिस मिनी, ब्लूजची नामवंत गायिका, त्यांच्यासोबत गाऊन गेली. १९३४ पर्यंत त्यांनी ऐंशीच्या वर गाणी रेकॉर्ड केली. लुईव्हिलची मंडळी जॅझकडे झुकलेली, नीटनेटकी. मेम्फिसवाले जास्त रांगडे, ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दर्दभऱ्या गाण्यांच्या मातीतले. मला मेम्फिसवाले आवडतात, त्यामुळे पुढचं सगळं तिकडे झुकलेलं असेल.

गंमत होती का? थोडी होतीच. गस कॅननचं उदाहरण घेऊ. हा मिसिसिपीत १८८३ साली जन्मला. पहिला बँजो त्याने तव्याला रॅकून या जंगली प्राण्याचं कातडं ताणून केला, असं तो सांगायचा. बरीच वर्षं तो 'मेडिसिन शो'बरोबर फिरला. म्हणजे कोणी तरी 'डॉक्टर' म्हणवणारा इसम गाडीत बाटल्या भरून गावोगाव जाणार, आणि सर्व रोगांवर एकच औषध विकण्याआधी गर्दी जमवायला गाणं, नाच, नकला लावणार. आपल्याकडचे बाजारातले जडीबुटीवाले आठवा. अशा खेळांत कृष्णवर्णीय कलाकारांनाही अनेकदा तोंडाला काळं फासून उभं राहावं लागे. लोकांना हसवलं नाही तर बाटल्या खपणार कशा? तेव्हा जगचं ते भुंकणं, काझूचा चिरका आवाज यांत हशा पिकवण्याचा भाग होता हे खरं. आणि रेकॉर्ड कंपन्यांनाही ती 'मजेशीर चीज' म्हणूनच विकायची होती, तीही 'रेस रेकॉर्ड्स' अशा वेगळ्या यादीत, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी.

पण ज्याला नुसतं हसवायचंय तो इतकं सुरात वाजवत नाही. या मंडळींचं पोट यावर होतं. एका रात्री गोऱ्या धनिकांची मेजवानी, दुसऱ्या रात्री मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरच्या बागेत टोपी फिरवायची. दोन्हीकडचे श्रोते नाचले पाहिजेत, ही अट. म्हणूनच एकाच बँडकडे ब्लूज, वॉल्ट्झ, भजनं आणि फाजील गाणी असा सगळा माल तयार असायचा.

मेम्फिस जग बँडचं चाललेलं बघून कॅननही मैदानात उतरला. भांडं पट्ट्याने गळ्यात असं अडकवलं की ते तोंडासमोर राहील आणि दोन्ही हात बँजोला मोकळे. एकच माणूस, बँजो आणि जग दोन्ही. १९२८ साली 'कॅनन्स जग स्टॉम्पर्स'चं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि १९३० पर्यंत संपलंही. त्याचा खरा हिरा मात्र नोआ लुईस, माउथ ऑर्गनवाला. हा एकाच वेळी दोन वाजवायचा म्हणे, एक तोंडाने, एक नाकाने. पण ती सर्कस विसरा. त्याची लांबवलेली, कापऱ्या आवाजातली ओळ ऐकली की आपण रेल्वे स्टेशनवर कोणाला तरी सोडायला आलोय असं वाटतं. १९६१ साली थंडीने पाय सडून तो गेला.

मंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला आणि हे बँडही. कॅननने १९२९ मध्ये 'वॉक राइट इन' नावाचं एक हलकंफुलकं गाणं रेकॉर्ड केलं होतं. १९६३ च्या जानेवारीत 'रूफटॉप सिंगर्स' या गोऱ्या त्रिकुटाने गायलेलं तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेव्हा कॅनन ऐंशीला टेकलेला, आणि सांगतात की त्या हिवाळ्यात कोळशासाठी त्याने आपला बँजो गहाण टाकला होता. त्याच वर्षी मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने त्याची एक एलपी काढली. साथीला जगवर कोण? विल शेड! शेड १९६६ ला गेला, कॅनन १९७९ पर्यंत जगला.

आता काय ऐकायचं. मेम्फिस जग बँडचं 'के. सी. मोन' आणि 'स्टीलिन स्टीलिन' यांपासून सुरुवात करा. मग डिक्सीलँड जग ब्लोअर्सचं काहीही, म्हणजे लुईव्हिलचा ढंग कळेल. मग कॅननचं 'व्हायोला ली ब्लूज', कोर्टात शिक्षा सुनावली जाते त्याबद्दलचं. हेच गाणं पुढे ग्रेटफुल डेड या रॉक बँडने आपल्या पहिल्या एलपीत घेतलं, आणि त्या बँडची सुरुवातही एका जग बँडपासूनच झाली होती. हे दोनदा ऐका, एकदा फक्त लुईसच्या माउथ ऑर्गनसाठी आणि एकदा फक्त जगसाठी. आणि कृपा करून हेडफोन लावा. मोबाईलच्या स्पीकरवर जगचा खालचा सूर पोचतच नाही, मग उरतो तो तुम्हाला ऐकू आलेला बेडूक.