धावण्याची आणि इतर व्यायामाची नोंद ठेवण्यासाठी मोबाइलवर कोणते ॲप घ्यावे?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन महिन्यांपासून तुम्ही आठवड्यातून तीन दिवस धावता, रविवारी सायकल चालवता आणि रोज सकाळी सूर्यनमस्कार घालता. डिसेंबरमध्ये पुण्याच्या मॅरेथॉनमधील दहा किलोमीटरच्या शर्यतीत तुम्हाला उतरायचे आहे. या सगळ्याची नोंद ठेवणारे एकच ॲप अँड्रॉइड फोनवर हवे आहे, मनगटी घड्याळ घ्यायचे नाही आणि शक्यतो पैसेही भरायचे नाहीत.

मी सहकारनगरला राहते आणि गेली बारा वर्षे तळजाईच्या टेकडीवर धावते. या काळात पाच ॲप वापरली, त्यांतली तीन सोडली. प्रत्येक वेळी सोडण्याचे कारण असे निघाले की जे ॲप निवडताना मी पाहिलेच नव्हते. आलेख किती सुंदर आहेत, पदके किती मिळतात, कानात सूचना देणारा आवाज कसा आहे, हे आपण आधी पाहतो. माझ्या मते त्याआधी दोनच गोष्टींची खातरजमा करावी. फोनचा पडदा बंद असताना ते ॲप तुमच्या स्वतःच्या फोनवर शेवटपर्यंत नोंद घेत राहते का, आणि घेतलेली नोंद तुम्हाला फाइलच्या रूपात काढून आपल्याजवळ ठेवता येते का? या दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर बाकी सारे आवडीवर सोडता येते.

पहिल्या मुद्द्याचा धडा मला चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मिळाला. नवा फोन घेतला होता आणि त्या रविवारी मी चौदा किलोमीटर धावून घरी आले. कमरेच्या पट्ट्यातून फोन काढला, तर त्यावर ५.२ किलोमीटर दिसत होते. नकाशा उघडला. टेकडीवरच्या एका वळणापर्यंत माझी वाट झाडांमधून वळणे घेत नीट आलेली होती आणि तिथून थेट आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत, पट्टीने आखावी तशी, एक सरळ रेघ होती. उतारावरची घरे, रस्ते, इमारती, सगळ्यांवरून गेलेली. मी ॲपला दोष देऊन ते काढून टाकले, दुसरे घेतले, आणि पुढच्या रविवारी अगदी तसेच झाले. दोष ॲपचा नव्हताच. पडदा बंद झाल्यावर काही मिनिटांनी मागे चालू असलेली ॲप बंद करून टाकायची, म्हणजे बॅटरी जास्त वेळ टिकते, अशी त्या फोनची रचना होती. बाजारातल्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ही रचना कमी-अधिक प्रमाणात असते आणि ती बदलता येते, पण ती कुठे बदलायची हे ॲप आपल्याला सांगतेच असे नाही.

म्हणून कोणतेही ॲप घेतलेत तरी सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या रकान्यात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ असा पर्याय निवडा. लोकेशनची परवानगी देताना ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू असल्याचे पाहा. फोनचा बॅटरी सेव्हर धावण्यापुरता बंद ठेवा. काही फोनमध्ये अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीत एखाद्या ॲपवर कुलूप लावता येते, तेही लावा. मग पडदा बंद करून, फोन खिशात ठेवून निदान पाऊण तास धावा. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसत नाही, तो विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला दिसतो.

अंतर बरोबर येते का, हा लोकांचा दुसरा नेहमीचा प्रश्न असतो, आणि त्यासाठी ॲप बदलत राहणे बहुतेक वेळा व्यर्थ ठरते. सर्व ॲप तुमच्या फोनमधल्या एकाच चिपकडून ठिकाण विचारून घेतात. ती चिप सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकून निदान चार उपग्रहांपासूनचे अंतर मोजते आणि त्यावरून तुमची जागा ठरवते. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक सर्वसाधारणपणे पाच मीटरच्या आत असते. दाट झाडी असेल किंवा दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील, तर संदेश भिंतींवर आपटून उशिराने पोहोचतात आणि तुम्ही धावत असता रस्त्यावर, तर नकाशा तुम्हाला शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दाखवतो. २०१८ पासून काही फोन दोन वारंवारतांवर, म्हणजे नेहमीच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झबरोबरच ११७६.४५ मेगाहर्ट्झवरही, ऐकू लागले आहेत आणि त्यांच्यात ही गफलत बरीच कमी होते. म्हणजे अचूकता ही प्रामुख्याने फोनची बाब आहे. ॲपचा हात एवढाच, की आलेल्या बिंदूंमधले वेडेवाकडे बिंदू ते किती शहाणपणाने गाळते.

हे स्वतः पाहायचे असेल तर धावपट्टीवर जा. चारशे मीटरच्या पट्टीची पहिली मार्गिका आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर मोजलेली असते, त्यामुळे कडेला धरून पाच फेऱ्या मारल्या की बरोबर दोन किलोमीटर होतात. मी सणस मैदानावर हे केले तेव्हा एका फोनने २.०९ आणि दुसऱ्याने १.९६ किलोमीटर दाखवले; ॲप दोन्हींवर एकच होते. तुमच्या फोनचा कल जास्त दाखवण्याकडे आहे की कमी, हे एकदा कळले की रोजच्या आकड्यांबद्दल मनात शंका राहत नाही. आणखी एक सवय लावून घ्या: ॲप उघडल्यावर लगेच न धावता, उपग्रह सापडल्याची खूण येईपर्यंत अर्धा-एक मिनिट उघड्यावर थांबा.

आता दुसरा मुद्दा, नोंदीच्या मालकीचा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ॲप कंपन्यांची असतात आणि कंपन्या विकल्या जातात. ऑस्ट्रियातील रनटॅस्टिक २०१५ मध्ये आदिदासने घेतले आणि आज ते आदिदास रनिंग या नावाने चालते. रनकीपर २०१६ मध्ये अ‍ॅसिक्सकडे गेले. डेन्मार्कमध्ये २००७ साली सुरू झालेले एंडोमोंडो एके काळी भारतातही पुष्कळ सायकलस्वारांच्या फोनवर होते. २०१५ मध्ये ते अंडर आर्मरने विकत घेतले आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद केले. आपली माहिती उतरवून घेण्यासाठी वापरणाऱ्यांना मुदत मिळाली होती, परंतु जो माणूस त्या दिवसांत ॲपकडे फिरकलाच नाही, त्याच्या कित्येक वर्षांच्या नोंदी गेल्या. धावणाऱ्यासाठी या नोंदी म्हणजे नुसते आकडे नसतात. गुडघा दुखायला लागण्याच्या आधीच्या महिन्यात आपण अंतर किती झपाट्याने वाढवले होते, हे मला दोनदा माझ्या जुन्या नोंदींतूनच समजले आहे आणि डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला होता.

त्यासाठी जीपीएक्स हे नाव लक्षात ठेवा. वाटेवरचा प्रत्येक बिंदू, त्याची वेळ आणि उंची साध्या मजकुरात लिहून ठेवणारी ही फाइल असते, आणि जवळपास कोणतेही दुसरे ॲप ती वाचू शकते. ॲप घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक नोंद जीपीएक्समध्ये काढून पाहा. निर्यातीचा पर्याय सापडत नसेल किंवा त्यासाठी पैसे मागितले जात असतील, तर ते ॲप दुय्यम समजा.

या कसोट्यांवर तुमच्यासाठी मी ओपनट्रॅक्स सुचवीन. गूगलचे माय ट्रॅक्स नावाचे ॲप होते, ते २०१६ मध्ये बंद झाले. पण त्याचा प्रोग्राम खुला असल्यामुळे इतरांनी तो पुढे चालवला, त्यातून हे ॲप उभे राहिले. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या मोफत भांडारात ते मिळते, खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे तुमची वाट तुमच्या फोनबाहेर जाऊ शकत नाही. ठरावीक अंतराने वेग आणि अंतर बोलून सांगण्याची, ब्लूटूथवर चालणारा छातीचा पट्टा जोडून हृदयाचे ठोके नोंदवण्याची आणि जीपीएक्स काढण्याची सोय त्यात आहे. उणीव अशी की ते दिसायला रूक्ष आहे आणि नकाशा पाहण्यासाठी वेगळे ॲप जोडावे लागते. फोन हरवला तर नोंदीही हरवतात, तेव्हा महिन्यातून एकदा फाइली दुसरीकडे उतरवून ठेवण्याची शिस्त तुमच्यात हवी.

ती शिस्त नसेल, किंवा सोबत्यांनी आपले धावणे पाहावे, शाबासकी द्यावी अशी ओढ असेल, तर स्ट्राव्हा घ्या. ही ओढ मी कमी लेखत नाही. पावसाळ्यातल्या काळोख्या पहाटे मला अंथरुणातून उठवणारी गोष्ट कित्येकदा एवढीच होती, की गटातल्या दोघी आधीच निघालेल्या असणार. स्ट्राव्हावर नोंद ठेवणे मोफत आहे, आणि संकेतस्थळावरून एकेक नोंद किंवा सगळ्या नोंदी एकत्र उतरवून घेता येतात. २०२० पासून ठरावीक टप्प्यांवरच्या वेळांची पूर्ण क्रमवारी आणि सखोल विश्लेषण यांसाठी मात्र वर्गणी लागते. दहा किलोमीटरच्या पहिल्या शर्यतीसाठी त्यातले काहीही अडून राहत नाही. नायकी रन क्लबचा उल्लेख यासाठी करते की धावताना कानात प्रशिक्षकाने बोलत राहण्याची त्याची मोफत सोय नवशिक्यांना फार उपयोगी पडते. पण ते धावणाऱ्यांसाठीच बनवलेले आहे, आणि तुम्हाला सायकलही नोंदवायची आहे.

स्ट्राव्हासारखे मंडळी जोडणारे ॲप घेतलेत, तर पहिली धाव नोंदवण्याआधी गोपनीयतेची सेटिंग्ज बदला, नंतर नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जगभरच्या एकत्रित नकाशावर, ओसाड मुलुखातल्या लष्करी तळांभोवती सैनिक जिथे धावत होते त्या वाटा उजळलेल्या दिसल्या आणि त्याची मोठी चर्चा झाली. आपण सैनिक नसलो तरी गोष्ट तीच आहे. आमच्या गटातल्या एका तरुण मुलीच्या नोंदीखाली एका अनोळखी माणसाने लिहिले होते, ‘आज दहा मिनिटे उशीर झाला.’ ते ॲप कोणते हे इथे महत्त्वाचे नाही, कारण सेटिंग जशीच्या तशी ठेवली तर हे अनेक ॲपवर होऊ शकते. ती रोज घराच्या दारातच ॲप सुरू करायची, त्यामुळे तिचे दार, तिची वेळ आणि तिची वाट तिघांचीही जाहीर नोंद होत होती. त्यानंतर दोन महिने ती एकटी धावायला गेली नाही. तेव्हा नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असे करा, सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नकाशावर झाकण्याची सोय वापरा, आणि घरच्यांना आपण कुठे आहोत हे कळावे असे वाटत असेल तर त्यांना व्हॉट्सॲपवरून तासाभरासाठी लाइव्ह लोकेशन पाठवा. त्यासाठी जगाला वाट दाखवण्याची गरज नाही.

सायकलीसाठी वेगळे ॲप नको, फक्त सुरू करण्याआधी व्यायामाचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर रविवारच्या सायकलीचा वेग तुमचा धावण्याचा विक्रम म्हणून कायमचा बसतो. सूर्यनमस्कार फोन आपणहून मोजणार नाही. ते हाताने नोंदवा आणि टिपेत संख्या लिहा. कॅलरींचा आकडा सर्वच ॲप अंदाजाने देतात. त्याचा ताळा पाहायचा असेल तर धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या प्रत्येक किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च होते असे धरा: ६८ किलोचा माणूस सहा किलोमीटर धावला तर चारशेच्या आसपास. ॲपने सातशे सांगितले तर त्यावर विसंबून जिलेबी खाऊ नका.

शर्यतीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पहिल्या वेळी सर्वांचाच त्यावरून हिरमोड होतो. नियमानुसार प्रमाणित केलेला मार्ग सर्वांत आखूड वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर वाढवतात. आपण गर्दीतून इकडेतिकडे होत धावतो, शिवाय फोनच्या बिंदूंची नागमोड त्यात मिसळते. त्यामुळे अंतिम रेषा ओलांडताना ॲप १०.१५ किलोमीटर दाखवते आणि लोक आयोजकांशी वाद घालतात. तुम्हाला एका तासात दहा किलोमीटर पूर्ण करायचे असतील आणि ॲप कानात किलोमीटरमागे ‘सहा मिनिटे’ असा दर सांगत असेल, तर तुम्ही सुमारे पाऊण-एक मिनिट उशिरा पोहोचाल. ॲपवरचा दर पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या आत ठेवा, आणि रस्त्याच्या कडेला किलोमीटरच्या पाट्या दिसतील तेव्हा फोनमधल्या अंतरापेक्षा त्या पाटीवर आणि उलटलेल्या वेळेवर भिस्त ठेवा.