दाशिकी, फुगू, बूबू : सगळे 'आफ्रिकन कुर्ते'च का?

विचारणा अशी आहे : अनुवादासाठी आलेल्या मजकुरात 'डॅशिकी', 'फुगू' आणि 'बूबू' असे पश्चिम आफ्रिकेतले तीन कपडे आहेत. तिन्हींना 'आफ्रिकन कुर्ता' म्हटले तर चालेल का? आणि पहिल्याचा उच्चार काय?

आधी उच्चार. 'डॅ' नको, दाशिकी लिहावे. मूळ नायजेरियातल्या हौसा भाषेत 'दन चिकी', त्यावरून तिथल्याच योरुबा भाषेत 'दान्शिकी', आणि तो शब्द पुढे जगभर गेला. हौसात 'दन' म्हणजे मुलगा आणि 'चिकी' म्हणजे पोट, तसेच आतली बाजू. आपण पोटमाळा, पोटकलम म्हणतो तेव्हा पोट हा शब्द असाच वापरतो, म्हणून मला ही व्युत्पत्ती फार आवडते. दन चिकी म्हणजे आतून घालायचा सदरा. त्यावर चढतो तो 'बब्बन रिगा', म्हणजे शब्दशः मोठा झगा. योरुबांचा अगबाडा त्याच्याच जातीचा. त्याच्या बाह्या इतक्या रुंद की दुमडून खांद्यांवर टाकतात. छातीवर भरतकाम असते आणि त्यातल्या एका नक्षीचे नाव आहे 'अस्का तक्वास', आठ सुऱ्या.

हा आतला कपडा 1960च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी अभिमानाने बाहेर आणला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1967च्या सुमारास दाशिक्या शिवून विकल्या जाऊ लागल्या. आज दाशिकी म्हटले की गळ्याभोवती रंगीत नक्षी असलेला जो छाप डोळ्यांसमोर येतो, तो मात्र नेदरलँड्समधल्या व्लिस्को कंपनीने 1963 मध्ये काढला, तोही इथिओपियातल्या भरतकामावरून. गळ्याशी दिसते ते भरतकाम नव्हे, छापील कापड आहे. तेव्हा वर्णन करताना 'भरतकाम केलेली दाशिकी' असे डोळे मिटून लिहू नये.

फुगूचे घराणेच वेगळे. हा उत्तर घानाचा. हातमागावर विणलेल्या सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून तो शिवतात. डाबोया गावची निळीत रंगवलेली सुते यासाठी नावाजलेली. मोसी लोकांच्या भाषेत फुगू म्हणजे कापड. आपल्या 'फुगणे'शी त्याचा काही संबंध नाही, पण उत्तर घानातले डागोम्बा पुरुष ताकाई नाचात गिरक्या घेतात तेव्हा त्याचा घेर असा फुलतो की मराठी माणसाला तसे वाटल्यावाचून राहणार नाही. घानातलेच असांते लोक याला बटाकारी म्हणतात, आणि त्यांच्या योद्ध्यांच्या बटाकारीवर चामड्यात मढवलेले ताईत शिवलेले असत. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री राजधानी अक्रात स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी घानाचे स्वातंत्र्य जाहीर केले ते हाच सदरा घालून. तिथे 'कुर्ता' लिहिणे मला तरी अन्यायाचे वाटते.

बूबू हा सेनेगलच्या वोलोफ भाषेतल्या 'म्बुब'वरून फ्रेंचमार्गे आलेला शब्द. तो झगाच, सदरा नव्हे.

म्हणून माझे मत : तिन्ही नावे जशीच्या तशी ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखाला ओळख जोडावी. उदाहरणार्थ, 'दाशिकी हा बिनकॉलरचा सैल सदरा', 'फुगू हा पट्ट्यांचा घेरदार सदरा', 'बूबू हा पायघोळ झगा'. लिंगाचे म्हणाल तर बंडी, टोपीप्रमाणे ती दाशिकी, अनेकवचन दाशिक्या. फुगू आणि बूबू मात्र सदरा-झग्याच्या जोडीने पुल्लिंगी चालतील.