रुग्ण वाढले म्हणजे रोग वाढला का?

प्रश्न : आमच्या विभागाच्या कर्करोग नोंदणीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे वर्षाला १२० नवे रुग्ण होते, दहा वर्षांनी ते १८० झाले. रोग दीडपट झाला असं समजायचं का?

उत्तर : नाही. आधी लोकसंख्या पाहा. समजा, ती २० लाखांवरून २४ लाखांवर गेली असेल, तर लाखामागे ६ चे ७.५ झाले, वाढ २५ टक्के. हा झाला कच्चा दर. हा आजार मुख्यतः साठीच्या पुढे होतो, म्हणून वयस्कर माणसं वाढली की नवा धोका नसतानाही कच्चा दर चढतो. यासाठी पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचे दर काढून त्यांना एका प्रमाण लोकसंख्येचं, म्हणजे तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या वयोरचनेचं, वजन देतात. अहवालात असा काढलेला ‘वय-समायोजित दर’ शोधा, स्त्री-पुरुषांचा वेगवेगळा. दोन्ही वर्षांना एकच प्रमाण लोकसंख्या वापरली आहे ना, हेही तपासा. ती बदलली असेल तर तुलनाच फसते.

लहान भागाच्या एका वर्षाच्या आकड्याने घाबरू नका. सरासरी १६ रुग्ण असतील तिथे निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी ९ किंवा २३ येऊ शकतात. तीन ते पाच वर्षं एकत्र घ्या.

मग नोंदणीचा दर्जा. पूर्वी बाहेरगावी उपचार घेणारे रुग्ण सुटत असतील आणि आता सापडत असतील, तर वाढ कागदावरची. किती निदानं बायॉप्सीने पक्की झाली आणि किती नोंदी केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून झाल्या, ही टक्केवारी पाहा. दुसऱ्या अवयवातून फुफ्फुसात पसरलेला कर्करोग चुकून मूळ फुफ्फुसाचा म्हणून नोंदला जातो, तो बहुधा अशा दाखल्यांतूनच.

प्रश्न : धूम्रपान घटलं, तरी दर उतरत नाही. आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींतून होणारा) हाच प्रकार का वाढतोय?

उत्तर : सिगारेट आणि कर्करोग यांत साधारण २० ते ३० वर्षांचं अंतर असतं. एकूण दरात घट शोधू नका, चाळिशी-पन्नाशीच्या गटात शोधा. ती आधी तिथे दिसते. सत्तरीपुढचा गट तरुणपणीच्या सवयींचं ओझं वाहत असतो.

अडेनोकार्सिनोमाचं एक कारण फिल्टर सिगारेट मानलं जातं : धूर खोल ओढला जातो, फुफ्फुसाच्या कडेपर्यंत पोचतो. धूम्रपान न करणाऱ्यांतही हाच प्रकार जास्त आढळतो. त्यांच्या बाबतीत रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू), दुसऱ्यांचा धूर आणि प्रदूषित हवा यांचा विचार करावाच लागतो. बाहेरच्या हवेचं प्रदूषण २०१३ पासून कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. मात्र निष्कर्षाआधी ‘प्रकार अनिर्दिष्ट’ हा रकाना बघा. अडेनोकार्सिनोमा जितका वाढला तितकीच तिथली संख्या घटली असेल, तर बदल बराचसा प्रयोगशाळेतला आहे : पूर्वी न ओळखलेला प्रकार आता ओळखला जातोय.