स्टेरॉइड हार्मोन्सच्या संशोधनात आयुष्य घालवून हाती काय लागतं?

तुमचा प्रश्न असा: मुलगी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री झाली, आता स्टेरॉइड हार्मोन्सवर पीएच.डी. करायची म्हणते, पण एकाच हार्मोनमागे वीस-तीस वर्षं घालवून हाती काय लागणार? मी शास्त्रज्ञ नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पण अशा एका माणसाच्या हाती जे लागलं ते रोज माझ्या टेबलावर असतं, म्हणून लिहिते.

स्तनातल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. मायक्रोटोम या कापणीयंत्रावर त्याचा तीन-चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचा, कोमट पाण्यावर तरंगू द्यायचा आणि सुरकुती न पडू देता काचेवर उचलायचा. मग इस्ट्रोजेन रिसेप्टरला, म्हणजे इस्ट्रोजेन या स्टेरॉइड हार्मोनला पेशीत धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, नेमकं चिकटणारी अँटिबॉडी लावायची आणि शेवटी रंग. कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं तपकिरी झाली की ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, निळीच राहिली तर निगेटिव्ह. त्या बाईला इस्ट्रोजेनला अडवणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी द्यायची की नाही, हे बरंचसं त्या तपकिरी रंगावर ठरतं.

हा रिसेप्टर शोधला अमेरिकन शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सन यांनी. माणूस मूळचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा. १९४४ साली शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. आणि महायुद्ध संपल्यावर वर्षभर स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला. तिथे असताना गिर्यारोहणाचा अनुभव नसताना ते स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरचं मॅटरहॉर्न शिखर चढले. त्या शिखराची एक गोष्ट ते पुढे आयुष्यभर सांगत. सगळे इटलीच्या बाजूने चढायचे आणि हरून परतायचे. स्वित्झर्लंडची बाजू दिसायला भयंकर, म्हणून तिकडे फारसं कुणी वळत नसे. १८६५ साली व्हिम्पर हा इंग्रज गिर्यारोहक तिकडूनच सगळ्यांत आधी वर पोहोचला.

ही गोष्ट मला त्यांच्या संशोधनापासून वेगळी काढताच येत नाही. तेव्हा सगळे विचारत होते की इस्ट्रोजेन गर्भाशयाचं काय करतं. बहुतेकांचा समज असा की हार्मोन एन्झाइमांच्या क्रियेत भाग घेतं आणि त्यात स्वतःही बदलतं. जेन्सननी प्रश्न उलटा केला: गर्भाशय इस्ट्रोजेनचं काय करतं? पण हार्मोनची मात्रा इतकी सूक्ष्म असते की ते शरीरात गेलं कुठे हेच कळत नाही. म्हणून हर्बर्ट जेकबसन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, जोडलेलं इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) तयार केलं आणि वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचलं. बाकीच्या बहुतेक अवयवांतून ते लवकर निघून गेलं. गर्भाशयाने मात्र तासन्‌तास धरून ठेवलं, तेही जसंच्या तसं, रासायनिक बदल न होता. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं.

१९५८ साली व्हिएन्नाच्या बायोकेमिस्ट्री परिषदेत त्यांनी हे मांडलं. त्याच वेळी दुसऱ्या सभागृहात याच विषयावर मोठं सत्र चाललं होतं आणि गर्दी तिकडे लोटली होती. जेन्सनना ऐकायला पाच माणसं, त्यातली तिघं जेन्सन यांच्याच सत्रातले बाकीचे वक्ते. मुलीला हा प्रसंग जरूर सांगा. बरोबर उत्तर हातात असतानाही सभागृह रिकामं असू शकतं आणि दुसऱ्या दिवशी परत प्रयोगशाळेत जावं लागतं.

पुढचं काम मला त्याहून मोठं वाटतं. पसरलेल्या स्तनकर्करोगात तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन कमी व्हावं म्हणून बायकांचे बीजांडकोश, अ‍ॅड्रिनल ग्रंथीसुद्धा काढून टाकत. उपयोग व्हायचा साधारण तिघींतल्या एकीला. बाकी दोघींचं ऑपरेशन फुकट, आणि ते आधी कळायला काहीच मार्ग नव्हता. जेन्सननी दाखवलं की ज्या गाठीत रिसेप्टर भरपूर, तिथेच या उपचाराचा गुण येण्याची शक्यता. सुरुवातीला या तपासणीसाठी ताजी गोठवलेली गाठ वाटून किरणोत्सारी हार्मोनबरोबर मोजावी लागे. १९८० च्या सुमारास जेफ्री ग्रीन यांच्याबरोबर त्यांनी रिसेप्टरच्या मोनोक्लोनल (सगळ्या एकसारख्या, एकाच जागी चिकटणाऱ्या) अँटिबॉडी तयार केल्या. मग हळूहळू ते काम काचपट्टीवर आलं. मी आज जे करते ते त्याच वाटेवरचं.

हिशोब मांडायचा तर उंदरांच्या प्रयोगापासून अँटिबॉडीपर्यंतच वीसेक वर्षं गेली. मोठा मान, वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार, २००४ साली शॅम्बों आणि एव्हान्स या शास्त्रज्ञांबरोबर मिळाला, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. नोबेल मिळालं नाही, त्याची मला आजही हळहळ वाटते. पण म्हातारपणीही अमेरिकेत सिनसिनाटीत त्यांचं संशोधन चालूच होतं. २०१२ मध्ये ते गेले.

पगार, फेलोशिप, नोकरीची शाश्वती या बाबतीत तुमची काळजी खरी आहे, ती मी खोडणार नाही. पण 'हाती काय लागतं' याचं उत्तर मला रोज दिसतं.

तुम्ही मुंबईजवळ असाल तर एक करा. परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. मुलीला तिथल्या पीएच.डी. करणाऱ्या दोन-तीन मुलामुलींना भेटू द्या. आणि एखाद्या लॅबमध्ये ईआरची स्लाइड बघायला मिळाली तर तुम्हीही तिच्याबरोबर मायक्रोस्कोपला डोळा लावून या.