नवी ऑटोमॅटिक गाडी सुरुवातीला कशी चालवावी? गिअरबॉक्स चालवणाऱ्याकडून खरंच 'शिकतो' का?

चिपळूणला माझं वर्कशॉप आहे आणि ऑटोमॅटिकची कामं बरीच येतात, म्हणून लिहितो. तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: दसऱ्याला घेतलेली पेट्रोल गाडी, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टरचा (तो इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवतो). शेजारचे काका म्हणतात, हजार किलोमीटर होईपर्यंत साठच्या वर न्यायची नाही. सकाळी रत्नागिरी बाजारात जाताना दुसऱ्यावरून तिसरा पडला की धक्का बसतो आणि शोरूमवाले म्हणतात, 'गिअरबॉक्स शिकतोय, थांबा.' त्यात वडील सावकाश चालवतात, तुम्ही जोरात, मग तो शिकणार कोणाकडून?

काकांचं आधी उरकतो. त्यांचा सल्ला फियाट-ॲम्बॅसॅडरच्या काळातला आहे. तेव्हा पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचं फिनिशिंग एवढं बारीक नसायचं, ऑइलही साधं. आता वेगाच्या आकड्याला तेवढं महत्त्व नाही, इंजिनवरचा भार बदलता राहायला हवा. सिलिंडरच्या आत होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून काढलेल्या, बारीक तिरप्या रेघा असतात. रिंग त्यांच्यावर घासत घासत आपली जागा करून घेते. तिला भिंतीकडे दाबायचं बरंचसं काम जळणाऱ्या गॅसचा दाबच करतो, तो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. गाडी फारच गोंजारत चालवली तर हा दाबच कमी पडतो. आणि पहिल्याच आठवड्यात पाच माणसं, डिकीभर सामान आणि फुल रेस देऊन आंबा घाट चढवला, तर रिंग बसायच्या आधीच तिथली उष्णता नको तेवढी वाढते. दोन्ही टोकं टाळायची, एवढंच.

सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये हा रनिंग-इनचा काळ, म्हणजे नवे भाग एकमेकांवर बसेपर्यंतचा, ९६० किलोमीटर दिलाय (६०० मैलांचा हिशेब, म्हणून असा आडनिडा आकडा). ह्युंदाई १००० किलोमीटर म्हणते आणि आरपीएम २००० ते ४००० च्या दरम्यान ठेवायला सांगते. एकाच वेगात फार वेळ चालवू नका, हे मात्र दोघीही सांगतात. म्हणजे हातखंब्यापासून संगमेश्वरापर्यंत क्रूझ कंट्रोल लावून निवांत बसणं सध्या नको. त्यापेक्षा आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन या. चढ, उतार, वळण, परत चढ, इंजिनला हवं ते सगळं तिथे आपोआप मिळतं. ब्रेक पॅड आणि डिस्कलाही एकमेकांवर बसायला वेळ लागतो. सुझुकी पहिले ३२० किलोमीटर जोरात ब्रेक मारणं खास टाळायला सांगते. इमर्जन्सी आली तर मात्र कचकन दाबायचा, तिथे रनिंग-इन बघायचं नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून पाचशे किलोमीटरला इंजिन ऑइल बदलत बसू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेव्हाच बदला.

आता गिअरबॉक्स. 'शिकतो' हा एकच शब्द शोरूमवाले दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक, तो स्वतःचे क्लच शिकतो. दोन, तो तुमचा पाय ओळखतो. तुमच्या धक्क्याचा संबंध पहिल्याशी आहे, वडिलांच्या आणि तुमच्या चालवण्याचा दुसऱ्याशी.

पहिलं नीट सांगतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात आणि कुठला भाग धरायचा, कुठला सोडायचा हे आत तेलात भिजलेले मल्टीप्लेट क्लच ठरवतात. दुसऱ्यावरून तिसरा पडतो म्हणजे एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो. धरणाऱ्या क्लचचा पिस्टन तेलाच्या दाबाने सरकतो, पण प्लेटला टेकायच्या आधी त्याला मधली फट भरून काढावी लागते. विहिरीवरचा पंप चालू केला की आधी पाइप भरतो आणि मग वर धार येते, तसंच. ही फट प्रत्येक गाडीत किंचित वेगळी असते. सोलेनॉइड (तेलाचा दाब सोडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) वेगळे, प्लेटही नव्या. सुरुवातीच्या वापरात त्यांचा पृष्ठभाग आणि घर्षण बदलत जातं. कारखान्यातून आकडे भरून येतात, पण ते सगळ्यांना साधारण चालतील असे असतात. तुमच्या गाडीचे नेमके आकडे तुमच्या गाडीलाच शोधावे लागतात.

स्कॅनर लावून शेजारी बसलं की हे स्क्रीनवर दिसतं. समजा दुसऱ्याचं गुणोत्तर २.४ आणि तिसऱ्याचं १.६ आहे. टर्बाइन, म्हणजे गिअरबॉक्सकडे येणारा शाफ्ट, २४०० आरपीएमवर असताना तिसरा पडला तर तो १६०० वर उतरायला हवा. जमलेल्या गिअरबॉक्समध्ये ही रेघ तिरपी, एकसंध उतरते आणि गाडीत बसलेल्याला काही कळतही नाही. नवा क्लच उशिरा धरत असेल तर रेघ उतरण्याआधी थोडी वर उसळते, कानाला इंजिन क्षणभर मोकळं सुटल्यासारखं वाटतं. लवकर धरला तर जुना अजून सुटलेलाच नसतो. दोघे एकमेकांना अडवतात, रेघ काटकोनात पडते आणि तुमची मान पुढे जाते. दोन्ही वेळा कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, नोंद घेतो आणि पुढच्या वेळी भरायचा वेळ किंवा दाब थोडासाच बदलतो. एकदम बदलत नाही, म्हणून वेळ लागतो.

ही नोंद तो प्रत्येक शिफ्टला घेत नाही, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. तेल ठरावीक तापमानाला आलेलं हवं, पाय स्थिर आणि हलका ते मध्यम हवा, मधेच पेडल सोडलेलं नको. गिअरबॉक्सचं तेल तापायला इंजिनच्या पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुम्ही मारुती मंदिरापासून बाजारात जाऊन परत येणार असाल, तर ते तेल तापायच्या आतच गाडी घरी. अशा गाडीला महिना झाला तरी तिने शिकण्यासारखं फारसं काही पाहिलेलं नसतं. सकाळी थंड तेल घट्ट असतं, त्यात धक्का जास्त जाणवतो, तो वेगळाच.

म्हणून एखाद्या रविवारी गाडी चांगली गरम होऊ द्या. पालीकडे जा, निवळीला जा, कुठेही. रस्ता मोकळा दिसला की थांबलेल्या गाडीला हलक्या, न हलणाऱ्या पायाने चौथ्या-पाचव्या गिअरपर्यंत जाऊ द्या, मग ब्रेक न चेपता बऱ्यापैकी हळू होऊ द्या आणि परत तेच. पुढच्या खेपेला पाय थोडा जास्त. कंटाळवाणं काम आहे, पण एका तासात जेवढं होतं तेवढं बाजाराच्या फेऱ्यांत महिनाभर होत नाही.

आता वडील आणि तुम्ही. पेडल किती झटक्यात दाबता, किकडाउन (पेडल खोल दाबून खालचा गिअर) किती वेळा मागता, ब्रेक कसा लावता यावरून कंट्रोलर गिअर लवकर टाकायचा की ताणायचा ते ठरवतो. पोर्शेच्या टिपट्रॉनिकमध्ये ही सोय १९९० सालापासून आहे. पण बहुतेक गाड्यांत ही आठवण थोड्या वेळाची असते. वडील बसले आणि शांतपणे चालवायला लागले की थोड्याच अंतरात गाडी त्यांच्या चालीवर येते. त्यामुळे 'गाडीला वाईट सवय लागेल' म्हणून घरात भांडू नका. सुरुवातीला एकानेच चालवावी हा नियम आमच्याकडे बरेच जण पाळतात, त्यात मला काही अर्थ दिसत नाही.

घाटात वेगळंच होतं. इंजिन जेवढा जोर लावतंय त्या मानाने गाडी कमी पळतेय म्हणजे चढ, जास्त पळतेय म्हणजे उतार, हे कंट्रोलर ओळखतो. कुंभार्लीतून चिपळूणकडे उतरताना दोनदा ब्रेक लावला की गिअर आपोआप खाली पडतो आणि इंजिन ओरडतं. हे बिघाड समजून लोक माझ्याकडे येतात. ओरडू द्या, ते तुमचे ब्रेक वाचवतंय. हवं तर मॅन्युअल मोडमध्ये तुम्हीच तिसरा-दुसरा धरा. न्यूट्रलमध्ये मात्र उतरायचं नाही, इंजिनचा रोधही जातो आणि ब्रेकही तापतात.

आणखी एक 'धक्का', जो गिअरबॉक्सचा नसतोच. आपल्याकडे घरं उतारावर. अंगणात गाडी लावून थेट 'पी'त (पार्क) टाकली आणि ब्रेक सोडला, तर गाडीचं सगळं वजन आतल्या एका लहानशा खिट्टीवर येतं. सकाळी 'पी'तून काढताना ठक्क होतं ते तिचंच. ब्रेक दाबून 'एन' (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. आठवडाभरात हात बसतो.

बॅटरीची वायर काढून 'रीसेट' करायचं कोणी सुचवलं तर नको म्हणा. बऱ्याच गाड्यांत क्लचचे आकडे बॅटरी काढली तरी पुसले जात नाहीत, आणि ज्यांत जातात त्यांत तुमची आतापर्यंतची मेहनत जाते. स्कॅनरने रीसेट करायची वेळ येते ती व्हॉल्व्ह बॉडी (क्लचकडे तेल वळवणारा भाग) किंवा क्लचचं काम झाल्यावर. (तुमच्यासारखाच प्रश्न एएमटीवाले विचारतात. ते यंत्र वेगळं: मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, कोरडा क्लच, फक्त दाबणारा पाय यंत्राचा. तो क्लच कुठे धरतो ते शिकतो, पण शिफ्टमधली डुलकी जात नाही. चढावर एक्सलेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळेल.)

शोरूमवाले टाळताहेत की खरं बोलताहेत, हे असं ओळखा. थंड असताना धक्का आणि गरम झाल्यावर कमी, हळूहळू विरळ होत चाललेला, तर थांबा. गाडी पूर्ण गरम असूनही त्याच शिफ्टला दर वेळी तोच धक्का, इंजिन मोकळं सुटल्यासारखं वर जाणं, 'डी'त (ड्राइव्ह) टाकल्यावर पकड यायला दोन-तीन सेकंद लागणं, किंवा डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागणं, यातलं काही असेल तर शिकण्याची वाट बघू नका. जॉब कार्डवर 'गरम असताना दुसरा ते तिसरा, धक्का' असं शब्दांत लिहून घ्या, नवं सॉफ्टवेअर आलंय का विचारा आणि टेक्निशियनला शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवा. वर्कशॉपच्या गेटपासून नको, तेल तापेल एवढं अंतर आधी मारून मग त्याला घ्या.