डेटाबेस कंटेनरमध्ये, जीव टांगणीला

या वेळची पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच, डेव्हलपमेंटसाठी डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस टाकलाय आणि तो मनात आलं तर चालतो नाहीतर रुसून बसतो. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेक प्रश्न पोस्टग्रेस या डेटाबेसचे आहेत, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवाले पण एक आहेत. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी फायनल इयरला आहे. प्रोजेक्टचा पोस्टग्रेस डॉकरवर चालवत होतो, काल काहीतरी अडकलं म्हणून कंटेनर डिलीट केला आणि तीच कमांड परत मारली तर सगळी टेबलं गायब! दोन आठवड्यांनी सबमिशन आहे, डेटा परत मिळेल का? (नागपूर)

उत्तर : आधी घाबरणं थांबव, डेटा बहुतेक अजून तुझ्या मशीनवरच पडलाय. आणि मिळेपर्यंत ‘प्रून’ नावाची (वापरात नसलेलं पुसून टाकणारी) कुठलीही कमांड चुकूनसुद्धा मारू नकोस.

काय होतं ना, पोस्टग्रेसच्या ऑफिशियल इमेजमध्येच (इमेज म्हणजे कंटेनर बनवायचा तयार साचा) लिहून ठेवलेलं असतं की डेटाचा फोल्डर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरच्या बाहेरच्या साठ्यात, ठेवायचा, त्यामुळे तू व्हॉल्यूमचं नाव दिलं नाहीस तरी डॉकर स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम बनवतो, आणि नुसता कंटेनर काढला की तो व्हॉल्यूम तसाच मागे राहतो, नवीन कंटेनर मात्र स्वतःचा नवा कोरा व्हॉल्यूम घेऊन येतो म्हणून तुला सगळं रिकामं दिसतंय. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ मार, लांबलचक आकडे-अक्षरांची नावं दिसतील, एकेकावर ‘इन्स्पेक्ट’ करून तयार झाल्याची तारीख बघ, तुझा प्रोजेक्ट सुरू केल्याच्या सुमाराचा जो असेल तो उचल. मग पोस्टग्रेसचं तेच मेजर व्हर्जन घेऊन नवीन कंटेनर चालू कर आणि हा व्हॉल्यूम डेटाच्या फोल्डरला जोड. व्हर्जन तेच हवं हं, १५ ने बनवलेला डेटा १६ उघडत नाही, सरळ ‘फाइल्स जुळत नाहीत’ म्हणून बंद पडतो. अजून एक, १८ पासून इमेजमध्ये जोडायचा फोल्डर बदललाय, आधी शेवटी ‘डेटा’ असायचं, आता एक पायरी वर ‘पोस्टग्रेसक्यूएल’ला जोडायचं, जुन्या ट्युटोरियलवरून कॉपी करणारे इथे हमखास आपटतात.

डेटा दिसला की त्याच मिनिटाला पीजीडंपने बॅकअप काढ, फाइल पेनड्राइव्हवर नाहीतर गूगल ड्राइव्हवर टाक, मग पुढचं बोल.

हात वर करायची वेळ फक्त तीन ठिकाणी येते : कंटेनर काढताना ‘-व्ही’ लावलं असेल, मुळात ‘--आरएम’ लावून चालवला असेल आणि थांबवल्यावर तो आपोआप गेला असेल, किंवा ‘कंपोज डाऊन -व्ही’ केलं असेल. तिन्हीमध्ये व्हॉल्यूमसुद्धा जातो. यापुढे कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते लिहून ठेवायची फाइल) व्हॉल्यूमला नाव देऊनच काम कर. कंटेनर म्हणजे लग्नाचा मांडव, कार्य उरकलं की सोडायचा, आणि मांडवात कोणी दागिने ठेवून झोपत नाही.

प्रश्न : कंपोजमध्ये पासवर्ड बदलला, इनिट फोल्डरमध्ये नवीन टेबलाची एसक्यूएल फाइल टाकली, रीस्टार्ट केलं, काहीच फरक नाही. जुनाच पासवर्ड चालतो. इमेज खराब आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : इमेज ठणठणीत आहे. पासवर्डचं व्हेरिएबल आणि ‘डॉकर-एंट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी’ मधल्या फाइल्स फक्त पहिल्यांदाच वाचल्या जातात, म्हणजे डेटाचा फोल्डर रिकामा असेल तेव्हाच. एकदा डेटाबेस तयार झाला की तुम्ही तिथे काहीही लिहा, तिकडे ढुंकूनही बघितलं जात नाही. पासवर्ड बदलायचा तर कंटेनरमध्ये ‘एक्झेक’ करून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं टूल) उघडा, आतून जोडताना ही इमेज पासवर्ड विचारतच नाही, मग ‘ऑल्टर यूजर’. नवीन टेबलांसाठी मात्र इनिट फोल्डरच्या नादी लागू नका, फ्लायवे, लिक्विबेस किंवा तुमच्या फ्रेमवर्कचं जे मायग्रेशन (टेबलांतले बदल फाइलमध्ये लिहून क्रमाने लावायचं साधन) असेल ते वापरा.

आणि माझं मत विचाराल तर डेव्हलपमेंटचा डेटाबेस आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम पुसून परत उभा करावा, मायग्रेशन आणि थोडा नमुना डेटा मारून. तसं करायची भीती वाटत असेल तर समजायचं की काहीतरी हाताने केलेलं आहे आणि ते कुठेच लिहिलेलं नाही, कुणीतरी कधीतरी एक कॉलम वाढवलाय आणि आता तो फक्त त्याच्याच लॅपटॉपवर आहे. नवीन पोरगा जॉइन झाला की त्याचे पहिले दोन दिवस यातच जातात.

प्रश्न : ॲप आणि डेटाबेस दोन्ही कंपोजमध्ये आहेत. ॲपमधून लोकलहोस्ट ५४३२ ला (पोस्टग्रेसचा पोर्ट) ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं पण डीबीव्हर या डेटाबेस बघायच्या टूलमधून तेच चालतं. आणि कधीकधी सर्व्हिसचं नाव टाकूनही पहिल्यांदा फेल, दुसऱ्यांदा ओके. डोकं फिरलंय. (हिंजवडी, पुणे)

उत्तर : डीबीव्हर तुमच्या लॅपटॉपवर चालतो, ॲप कंटेनरच्या आत, आणि कंटेनरच्या आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तिथे डेटाबेस नाहीच आहे तर सापडणार कुठून. कंपोजमध्ये सर्व्हिसला जे नाव दिलंय, समजा ‘डीबी’, तेच होस्ट म्हणून टाका. बाहेर ५४३३ वर मॅप केलं असलं तरी आतून ५४३२ च टाकायचा, मॅपिंग फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी असतं, यावरून लोक तासन्‌तास भांडलेले मी बघितलेत.

दुसरा भाग जरा मजेशीर आहे. ‘डिपेंड्स-ऑन’ नुसतं लिहिलं तर कंपोज एवढंच बघतो की डेटाबेसचा कंटेनर चालू झाला, आतला पोस्टग्रेस तयार आहे की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून हेल्थचेक टाकायचा, पोस्टग्रेस तयार आहे का ते सांगणारी पीजी-इजरेडी कमांड वापरून, आणि ॲपला ‘सर्व्हिस-हेल्दी’ची अट घालायची. इथपर्यंत सगळे सांगतात. पण पहिल्यांदा डेटाबेस तयार होताना ही इमेज आतल्या आत एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, तुमच्या इनिट फाइल्स त्यावर चालवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. तो तात्पुरता सर्व्हर नेटवर्कवर ऐकत नाही, फक्त आतल्या सॉकेटवर (त्याच कंटेनरपुरत्या अंतर्गत वाटेवर), आणि पीजी-इजरेडीला होस्ट दिला नाही तर तो नेमका सॉकेटच तपासतो, ‘तयार आहे’ म्हणून मोकळा होतो, तुमचं ॲप धावत येतं आणि दार बंद. हेल्थचेकमध्ये होस्ट १२७.०.०.१ द्या, हा प्रकार थांबेल. आणि ॲपमध्ये दोन-चार वेळा परत ट्राय करायचा कोड असूच द्या, डेटाबेस प्रॉडक्शनमध्ये पण रीस्टार्ट होतोच की.

प्रश्न : आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सभासदांची यादी सर्व्हरवर बरोबर लागते, क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर वगैरे ह च्या नंतर, पण माझ्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये क्षीरसागर येतात कोल्हेंच्या खाली आणि खरातांच्या वर. कोड एकच, डेटा एकच. (सांगली)

उत्तर : असा प्रश्न आला की बरं वाटतं, नाहीतर आपल्या भाषेचा डेटा कोणी तपासतच नाही.

तुम्ही लिहिलं नाहीये पण पैजेवर सांगते, लॅपटॉपवर अल्पाइन या लिनक्सवाली इमेज आहे, छोटी असते म्हणून सगळे तीच ओढतात. अल्पाइनमध्ये जी सी लायब्ररी आहे, मसल, तिला भाषेप्रमाणे क्रम लावता येत नाही, ती सरळ युनिकोडच्या नंबराने लावते. क्ष हे युनिकोडमध्ये वेगळं अक्षर नाहीच, क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत, आणि हलन्ताचा नंबर सगळ्या मात्रांच्या नंतर येतो, त्यामुळे कदम, कोल्हे, क्षीरसागर, खरात असाच क्रम लागणार. ळ सुद्धा ल आणि व च्या मध्ये जाऊन बसतो. तुमच्या सर्व्हरवर कोणीतरी शहाण्या माणसाने आयसीयू या भाषांच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, लावून ठेवलंय, त्यात ह, ळ, क्ष, ज्ञ असा आपला शाळेतला क्रम आहे.

उपाय दोन. घाई असेल तर क्वेरीतच ‘ऑर्डर बाय’च्या पुढे ‘कोलेट’ लिहून डबल कोटमध्ये ‘एमआर-एक्स-आयसीयू’. नीट करायचं तर डेटाबेस तयार होतानाच इनिटडीबी या कमांडच्या आर्ग्युमेंटमध्ये लोकेल प्रोव्हायडर आयसीयू आणि आयसीयू लोकेल ‘एमआर-आयएन’ द्या, पोस्टग्रेस १५ पासून हे अख्ख्या डेटाबेसला लावता येतं, अल्पाइनच्या इमेजमध्ये पण. अर्थात हे पण रिकाम्या व्हॉल्यूमवरच लागू होतं, वर कोल्हापूरला दिलेलं उत्तर वाचा.

एक धोका सांगून ठेवते. अल्पाइनवर बनलेला व्हॉल्यूम तसाच उचलून डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या इमेजला जोडला, किंवा उलट केलं, तर डेटाबेस चालू होईल, एररही येणार नाही, पण टेक्स्टवरचे इंडेक्स (पटकन शोधायच्या सूची) जुन्या क्रमाने बांधलेले आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय, मग यादीत डोळ्यांना दिसणारा सभासद सर्चमध्ये सापडत नाही, युनिक असूनही डुप्लिकेट घुसतात. तसं झालं असेल तर आधी ‘रीइंडेक्स’. सरळ उपाय म्हणजे सर्व्हरवर जे आहे तेच लॅपटॉपवर, मेजर व्हर्जन तेच आणि डेबियन तर डेबियन. शे-दोनशे एमबी वाचवून काय मिळवायचंय.

प्रश्न : डेटाबेसमध्ये वेळ साडेपाच तास मागे पडते. (ठाणे)

उत्तर : कंटेनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि तसाच चालू द्या. कॉलम ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ करा, दाखवताना एशिया/कोलकाता. साडेपाच तास हाताने मिळवणारा कोड कुठे असेल तर आजच काढून टाका.

प्रश्न : टीमला टेस्टिंगसाठी छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, त्यावर डॉकरमध्ये पोस्टग्रेस. यूएफडब्ल्यू फायरवॉलने ५४३२ बंद केलाय, तरी घरून कनेक्ट होतं! (नाशिक)

उत्तर : घरून होतं म्हणजे जगातून होतं. डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या नेटवर्क नियमांत) स्वतःचे नियम घालतो आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, यूएफडब्ल्यू बिचारा ‘बंद’ दाखवत बसतो. कंपोजमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे फक्त त्या मशीनवरूनच जोडता येईल, आणि टीमने एसएसएच टनेलने (सुरक्षित मार्गाने) यायचं. हे वाचून झालं की पासवर्ड पण बदला, उघड्या ५४३२ वर ‘पोस्टग्रेस’ हाच पासवर्ड टाकून बघणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात.

प्रश्न : क्लायंटचं सगळं एसक्यूएल सर्व्हरवर आहे, माझ्याकडे एम सिरीजचा मॅक. कंटेनर चालू होतो आणि काही सेकंदात बंद. शिवाय कंपनी म्हणते डॉकर डेस्कटॉप वापरू नका, पैसे लागतात. (बाणेर, पुणे)

उत्तर : कंपनीचं खरं आहे. २०२१ पासून नियम असा की २५० किंवा जास्त कर्मचारी, किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल, यातलं एक जरी लागू झालं तरी डॉकर डेस्कटॉपला पैसे मोजायचे. लिनक्सवरचं डॉकर इंजिन फुकटच आहे. मॅकवर कोलिमा, रँचर डेस्कटॉप, पॉडमन यातलं एक घ्या, कमांड्स जवळजवळ त्याच.

बंद का पडतो ते ‘डॉकर लॉग्स’ सांगेल, पण बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘ॲक्सेप्ट युला’ला (लायसन्स मान्य) वाय दिलंय का, एसए म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड किमान ८ अक्षरी आणि मोठं-छोटं अक्षर, आकडा, चिन्ह यातले तीन प्रकार असलेला आहे का, आणि २ जीबी मेमरी मिळतेय का. पासवर्ड साधा असला की हा गडी काही न बोलता बाहेर पडतो, एरर फक्त लॉगमध्ये. मॅकचं वेगळं म्हणजे ही इमेज इंटेलच्या चिपसाठीच येते, एम सिरीजवर ॲपलच्या रोझेटा या रूपांतरकामार्फत चालवावी लागते, डेव्हलपमेंटला तेवढं पुरतं. आझुर एसक्यूएल एज वापरा असं जुने लेख सांगतील तर ऐकू नका, ते २०२५ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं.

प्रश्न : विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम. कंटेनर चालू केला की क्रोमसुद्धा हलत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारा भाग) तुमची निम्मी रॅम घेऊन बसू शकतं. यूजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची फाइल करून मेमरी ३ जीबीवर बांधा, मग ‘डब्ल्यूएसएल --शटडाऊन’ करून परत सुरू करा. आणि डेटाचा फोल्डर सी ड्राइव्हवरून जोडला असेल तर तो काढून नाव दिलेला व्हॉल्यूम लावा, विंडोज आणि लिनक्सच्या मधून प्रत्येक फाइल ये-जा करते म्हणून तो प्रकार रडतखडत चालतो, पोस्टग्रेस तर परमिशनवरून भांडण पण काढतो.

प्रश्न : बॉस म्हणतात खऱ्या डेटाशिवाय टेस्टिंग होत नाही, म्हणून प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसचा, डंप सगळ्यांच्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये टाका. योग्य आहे का? (मुंबई)

उत्तर : नाही. त्या डंपमध्ये लोकांचे मोबाइल नंबर, पत्ते, कदाचित पॅन-आधार असतील आणि लॅपटॉप लोकलमध्ये विसरले जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बॉसच्या टेबलावर ठेवा, सुरक्षेत हलगर्जी केली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, तो आकडा वाचून बहुतेक बॉस विचार बदलतात. डंप घ्यायचाच असेल तर एकाच बंदिस्त मशीनवर उघडायचा, नावं-नंबर बदलायचे, आणि तो बदललेला डंप पुढे वाटायचा. त्यापेक्षा सोपं म्हणजे पोस्टग्रेसचं ‘जनरेट सिरीज’ वापरून लाखभर खोटे ग्राहक एका क्वेरीत तयार होतात. त्यात मुद्दाम काही आडमुठी माणसं घाला : एकाला आडनावच नाही, एकाच्या पत्त्यात अवतरणचिन्ह, एकाचं नाव अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, आणि एक १९०० साली जन्मलेला.